पंपापर्यंतचा आवाज

जुना सायलेन्सर काही केल्या निघेना. मिस्त्रीने नटावर रॉकेल सोडलं, पाना लावला, पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी अडकवून तिच्यावर सगळं अंग टाकलं, तरी नट जागचा हलला नाही.

“गंजून एकजीव झालाय,” तो म्हणाला. “लग्नाच्या बायकोसारखा. सुटायचा नाही.”

“तुझी बरी सुटली होती,” गोठ्याच्या दारातून सासू म्हणाली. “माहेराहून परत आणताना तोंड केवढंसं झालं होतं तुझं.”

मिस्त्री हसला. दूधवाला हसला नाही. तो गाडीचं हँडल घट्ट धरून उभा होता आणि अंगणात पोत्यावर ठेवलेल्या नव्या सायलेन्सरकडे बघत होता.

दूधवाल्याची बायको, घरची सून, भिंतीच्या सावलीला वाळला चारा झटकत बसली होती. ओला चारा संपून बरेच दिवस झाले होते. विहिरीचं पाणी तळाशी गेलं होतं, झटकलेल्या चाऱ्यातून नुसती धूळ उडत होती. तिने तोंडावर फडकं बांधलं होतं आणि फडक्यावरून ती नवऱ्याकडे बघत होती. नवा सायलेन्सर आखूड होता, जाड होता, चकचकीत होता. गावातली उडाणटप्पू पोरं असला लावतात. तिच्या नवऱ्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. कोणाच्या दारात दोनदा हॉर्न वाजवायला लाजणारा माणूस.

“आत जाळीबिळी काही नाही,” नट शेवटी करकरत सुटला तसा मिस्त्री म्हणाला. “नुसती पोकळ नळी. पोलिसांनी धरलं तर माझं नाव घ्यायचं नाही.”

“नाही घेणार.”

“आणि दुधाची किटली या बाजूला टांगतोस ना? नळी तापते. दूध नासेल.”

“पोतं लावीन मधे.”

नवी नळी बसवायला वेळ लागला नाही. मिस्त्रीने हात पुसले आणि मान हलवली. दूधवाल्याने किक मारली.

कोंबड्या कुंपणावरून पलीकडे गेल्या. खुंट्याला बांधलेलं वासरू दावं तुटेल असं मागे ओढायला लागलं. गाय चरायला गेली होती, म्हणून गोठा रिकामा होता, पण गोठ्याचा पत्रासुद्धा थरथरला. सासूने कान झाकले.

“अरे, दूध आणायला जातोस की लढाईला?”

त्याने गाडी बंद केली. अंगणात एकदम शांत झालं.

“ऐकू आलं पाहिजे,” तो म्हणाला.

“कोणाला?” सुनेने विचारलं.

“सगळ्यांना.”

तेवढंच बोलला आणि जुना सायलेन्सर मिस्त्रीच्या पोत्यात टाकायला मदत करू लागला.

*

ऐकू का आलं पाहिजे, ते तिला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

दूधवाल्याची फेरी खालच्या आळीतून निघायची. घरोघरचं दूध तो मापून घ्यायचा आणि गाडीच्या दोन बाजूंच्या दोन मोठ्या किटल्यांत ओतायचा. मग नाल्यावरचा पूल. पूल ओलांडला की चढाच्या पायथ्याशी हातपंप. आजूबाजूला घर नाही, झाड नाही. तिथून चढ चढला की वरची आळी, तिथलं दूध, आणि मग सरळ रस्त्याने डेअरी. डेअरीत सगळ्यांचं दूध एकत्रच मोजलं जायचं. फॅट लागेल तो सगळ्यांना सारखा, भाव सगळ्यांना सारखा.

ऊन वाढलं तसा फॅट उतरायला लागला होता. आधी कोणी काही बोललं नाही. मग डेअरीतला फॅटवाला एके दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, “तुमच्या गावच्या गाई दूध देतात की ताक?” आणि ते गावात पोचलं.

वरच्या आळीत पहिलंच घर होतं फौजदारीणीचं. बाईचा नवरा फौजदार नव्हता, साधा गवंडी होता. फौजदारीण हे नाव बाईला तिच्या स्वतःच्या कर्तबगारीवर मिळालं होतं. तिच्या दारावरून कोण काय घेऊन गेलं हे तिला विचारावं. ती आळीत उभी राहून म्हणाली होती, “आमच्या गोठ्यातून दाट जातं, डेअरीत पातळ पोचतं. मधे आहे काय? मधे एक पंप आहे आणि एक माणूस आहे.”

त्यानंतर बोलायचं काही राहिलंच नाही. पलीकडच्या गावचा टेम्पोवाला दोनदा येऊन वरच्या आळीत चहा पिऊन गेला. महिनाअखेरपर्यंत फॅट चढला नाही तर फेरी टेम्पोवाल्याला द्यायची असं ठरलं. दूधवाल्याला कोणी तोंडावर सांगितलं नाही. त्याच्या हातात दुधाचं भांडं देताना लोक नुसते पूर्वीसारखे बोलेनासे झाले.

त्याच्याकडे जमीन नव्हती. एक गाय, ही गाडी आणि ही फेरी.

“मी कुठे थांबतो आणि कुठे नाही, हे घरात बसून कळू दे त्यांना,” मिस्त्री गेल्यावर तो जेवताना म्हणाला. “पुलावरून गाडी निघाली की थेट वरच्या आळीत. मधे आवाज तुटला तर बोला.”

सुनेने त्याला वाढलं. युक्ती वाईट नव्हती. पण ज्याला काही लपवायचं नाही त्याने इतकं वाजवत का जावं, असंही तिच्या मनात आलं. आलं तसं तिने ते बाजूला सारलं.

*

दुसऱ्या दिवशी पहाट फुटली तेव्हा ती धार काढून मोकळी झाली होती. ती नेहमीच सगळ्यांच्या आधी बसायची. वासरू लावायचं, पान्हा सुटला की ओढून खुंट्याला बांधायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि सडाला हात लावायचा. शेवटची धार निपटेपर्यंत ती कोणाशी बोलत नसे. घरचं दूध पहिलं किटलीत पडे आणि मगच दूधवाला गाडीला किक मारे.

आवाज खालच्या आळीतून फिरला. एकेका दारात थांबला, पुन्हा निघाला. ती अंगणात शेण भरत होती आणि तिला तो सगळा दिसत होता म्हणायला हरकत नाही. आता चांभाराच्या दारात. आता विधवा मावशींकडे. आता पूल. पुलावर आवाज पोकळ झाला, मग चढाला लागला, रडत रडत वर गेला. मधे कुठेही तुटला नाही.

“गेला बाबा,” सासू म्हणाली. “तोफखाना गेला.”

तो परत आला तेव्हा खुशीत होता. सासूच्या हातातला चहा त्याने उभ्यानेच घेतला.

“फौजदारीण दारातच होती. म्हणाली, आवाज आला हो. मी म्हटलं, आला ना? बास.”

“आणि फॅट?” सुनेने विचारलं.

“एका दिवसात थोडाच चढतो.”

एका दिवसात चढला नाही. उतरला. त्यानंतर आणखी उतरला. फॅटवाल्याने फॅट मोजायची काचेची नळी उजेडात धरून दूधवाल्यालाच दाखवली आणि म्हणाला, “हे बघ, मी माझ्या पदरचं काही सांगत नाही.” दूधवाल्याने घरी येऊन हे सांगितलं आणि जेवण अर्धं टाकून उठला. किटल्या त्याने राख लावून घासल्या. एकदा घासलेल्या पुन्हा घासल्या. सून दारात उभी राहून बघत होती. इतकं घासतात कशाला, असं तिला वाटलं, आणि वाटलं याचाच तिला राग आला.

मग आवाज तुटायला लागला.

ती शेणाची पाटी डोक्यावर घेत होती. पुलावरचा पोकळ आवाज झाला, आता गाडी रडत चढ चढणार, म्हणून तिचा कान तिकडे होता. आणि आवाज बंद पडला. ती पाटी तशीच दोन्ही हातांत धरून उभी राहिली. बराच वेळ काही नाही. मग कितीतरी उशिरा, वरच्या आळीच्याही पुढून, डेअरीच्या रस्त्यावरून, आवाज पुन्हा सुरू झाला.

सासूही गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“गाडी बंद पडली होती का?” तो आल्यावर सुनेने विचारलं.

“हं. चढाला बंद पडते. गरम होते.”

“मिस्त्रीला दाखवा.”

“दाखवीन.”

दुसऱ्या दिवशीही गाडी तिथेच बंद पडली. तिसऱ्या दिवशीही. मिस्त्रीला काही त्याने दाखवली नाही. बाजाराच्या दिवशी तो त्याच गाडीवर आईला दवाखान्यात घेऊन गेला, मोठा घाट चढून गेला, परत आला. कुठे बंद पडली नाही. सासूनेच सांगितलं.

आणि उजव्या बाजूची किटली ओली यायला लागली. नळी आणि किटली यांच्यामधे लावलेलं पोतं चिंब असायचं. किटलीच्या बाहेरून पाण्याचे ओघळ उतरलेले असायचे, धुळीत त्यांच्या रेघा वाळलेल्या असायच्या. सुनेने पोतं पिळलं. पाणी निघालं. तिने रिकामी किटली नाकाशी धरली, तळाशी राहिलेल्या थेंबाला बोट लावून चाखलं. पाण्याला काय वास असतो आणि काय चव.

दुसऱ्या दिवशी ती धारेला बसली, देवाचं नाव घेतलं, आणि नावाच्या मधेच पंप आला. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पंप आला. गाईने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

*

फौजदारीण घरी आली ती सकाळच्या वेळी, बरोबर धार संपताना. “सहज आले,” म्हणाली. सहज आलेली बाई सरळ गोठ्यात गेली, सुनेच्या हातातल्या चरवीवर वाकली, आणि विचारल्याशिवाय दुधात करंगळी बुडवली. करंगळी वर धरली. दूध बोटाला धरून राहिलं, हळूहळू उतरलं.

“दाट आहे,” ती म्हणाली.

“हो काकू.”

“वाळला चाराच घालता ना?”

“दुसरं आहे काय?”

“मग आम्हीही तोच घालतो.” फौजदारीणीने करंगळी चाटली, मग ओठ पुसले. “तुमच्या घरचं तेवढं दाट. आमचं सगळ्यांचं पातळ. गंमतच आहे.”

“काकू, घरचं दूधही त्याच किटलीत जातं.”

“जातं ना. मी कुठे नाही म्हणते? गाडी पंपापाशी बंद पडते. किटली बाहेरून ओली असते. मी कुठे काय म्हणते?”

दूधवाला अंगणात उभा होता. त्याच्या कानावर सगळं पडलं. तो आत आला, चरवी घेतली, मापून किटलीत ओतली, झाकण लावलं. एक थेंब सांडला नाही.

“काकू, गाडी चढाला बंद पडते,” तो म्हणाला.

“अरे, गाडी आहे. पडणारच.” ती निघाली. दारात वळली. “महिना संपत आला हं.”

ती गेल्यावर सासू ओट्यावर बसून राहिली. मग कोणाला उद्देशून नाही अशी म्हणाली, “याचा बाप कोणाचं वाटीभर दूध कमी पडलं तर घरच्या वाटीतलं घालायचा.”

दूधवाल्याने किक मारली. काय बोलला असेल ते त्या आवाजात गेलं.

सून म्हणाली, “आई, मी जाऊन येते.”

सासूने कुठे विचारलं नाही. “बांधाने जा,” एवढंच म्हणाली. “पुलावरून गेलीस तर दिसशील.”

*

त्याला अजून खालच्या आळीची दारं घ्यायची होती. ती बांधाने गेली, नाला कोरड्या जागी उतरून ओलांडला, आणि पंपाच्या मागे दगडाची पडकी भिंत होती तिथे बसली. दगड रात्रीचे थंड नव्हते, कालच्या उन्हाने अजून कोमटच होते. पायाला काटे लागले होते. ते काढायचंही तिला सुचलं नाही. तिला एवढंच वाटत होतं, की आज गाडी थांबू नये. देवा, थांबू नये. मग मी कधी असं बसणार नाही.

आवाज पुलावर आला, पोकळ झाला, आणि पंपापाशी येऊन बंद पडला. बंद पडला नाही. त्याने चावी फिरवून बंद केला. तिने हात बघितला.

तो उतरला. गाडी स्टँडवर लावली. इकडेतिकडे बघितलं. उजव्या किटलीमागचं पोतं ओढून काढलं आणि पंपाखाली धरलं. एका हाताने दांडा मारत राहिला. पाणी यायला वेळ लागला, पंप कोरडा खाकरत होता. पोतं भिजलं तसं त्याने ते न पिळताच पुन्हा नळी आणि किटलीच्या मधे कोंबलं. नळीवर पाणी पडून चर्र झालं, वाफ आली. किटलीच्या बाहेरून पाणी खाली ओघळलं.

ती श्वास धरून बसली होती. आता झाकण. आता झाकण उघडेल.

त्याने झाकणाला हात लावला नाही. ओंजळभर पाणी प्यायला, चपला काढून हँडलला अडकवल्या, डावीकडून गाडीला खांदा दिला आणि ढकलायला लागला.

भरलेल्या किटल्यांची गाडी चढावर जात नव्हती. तो दोन पावलं टाकायचा, ब्रेक दाबून उभा राहायचा, पुन्हा खांदा लावायचा. अनवाणी पाय धुळीत घसरत होते. पायाच्या पोटऱ्या थरथरताना तिला भिंतीमागून दिसत होत्या. एकदा गाडी मागे आली, त्याने गुडघा लावून थोपवली, तोंडातून आवाज काढला नाही.

ती उठली. दुसऱ्या बाजूने मागच्या सीटला हात लावून ढकलायला लागली. गाडी हलकी झाली तसं त्याने वळून बघितलं.

दोघं उभे राहिले. तो धापा टाकत होता.

“बघायला आलीस,” तो म्हणाला.

ती खोटं बोलू शकली असती. शेणी गोळा करायला आले, म्हणता आलं असतं. तिने मान खाली घातली.

“गाडी बंद पडत नाही तुमची.”

“नाही.”

“मग का सांगितलंत?”

वरच्या आळीकडे मान करून तो म्हणाला, “फौजदारीणीची गाय. दुसऱ्या दिवशी मी वर गेलो, ती धारेला बसलेली. गाडी दारात आली तशी गाईने चरवीला लाथ मारली आणि पान्हा चोरला. म्हातारी म्हणाली, माशा चावतात हल्ली. पुढच्या घरी तेच. पुढच्या घरीही तेच. मी जाईन तिथे धार तुटते. कास तशीच तट्ट राहते.”

सुनेच्या हातांना ते आधी कळलं. शेवटची धार. जी निपटायला ती कोणाशी बोलत नसे, ती धार. सगळं दाट दूध त्यातच असतं. ते गाईच्या पोटात राहत होतं आणि वरचं पांचट तेवढं किटलीत येत होतं. घरची गाय किक मारायच्या आधी मोकळी होत होती, म्हणून घरचं तेवढं दाट.

“अहो, मग काढून टाका ना ते!”

“काढू? काय म्हणतील? आता आवाज येऊ नये म्हणून काढला म्हणतील. मी सांगितलं होतं ना सगळ्यांना, आवाज ऐका म्हणून.” त्याने खांद्याने तोंडावरचा घाम पुसला. “ढकलून तरी वरची आळी वाचते. पण खालूनच कान टवकारतात आता. पुलावर गाडी आली की वर गोठ्यात हलायला लागतात.”

“मला तरी सांगायचं.”

“तुला सांगणारच होतो,” तो म्हणाला आणि पुन्हा गाडीला खांदा दिला. “तू विचारलंस तेव्हा तुझं तोंड बघितलं. मग नाही सांगितलं.”

दोघांनी मिळून गाडी वर नेली.

*

फौजदारीण आत्ताच परत आली होती, आल्याबरोबर धारेला बसली होती. दोघांना गाडी ढकलत येताना बघून तिने हात थांबवले नाहीत, नुसत्या भुवया वर केल्या.

“आज जोडीने बंद पडली वाटतं.”

“काकू,” सून म्हणाली. तिचा आवाज नेहमीच लहान होता, आता आणखी लहान झाला. “पान्हा सुटलाय का?”

“सुटलाय. का गं?”

“हात काढू नका. धार चालू ठेवा.” मग ती नवऱ्याकडे वळली. “किक मारा.”

“वेडी आहेस का?”

“मारा म्हणते ना.”

त्याने तिच्याकडे बघितलं, मग म्हातारीकडे बघितलं, आणि किक मारली. सुनेनेच हात पुढे करून रेस पिळली.

गाय बिथरली. दावं ताणलं, खूर गोठ्याच्या फरशीवर घसरले. फौजदारीणीच्या मुठीतली धार बारीक झाली, थेंब झाली, संपली. तिने सड दाबला, ओढला. काही नाही. हात फिरवून दुसरा धरला. काही नाही. कास भरलेली होती, तट्ट, आणि बाईच्या हातात काहीच येत नव्हतं.

“थांबव! अरे, थांबव मेल्या!”

त्याने चावी फिरवली. गाय नाकपुड्या फुगवून उभी होती. फौजदारीण स्टुलावर बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

“रोज असंच होतं,” ती हळूच म्हणाली. “मला वाटलं, माझेच हात गेले आता.”

सून वाकली, तिने वासरू सोडलं आणि कासेला लावलं. वासराने ढुशा मारल्या, बऱ्याच वेळाने गाय सैल झाली. मग बाई पुन्हा बसली, आणि यावेळी शेवटची धार चरवीत पडली ती फेसावर उमटून पडली.

फौजदारीणीने करंगळी बुडवली. वर धरली. चाटली नाही.

“काढ ते भोंगाड,” ती म्हणाली.

“काढलं तर तुम्हीच म्हणाल—”

“म्हणेनच! मी नाही म्हणणार तर कोण म्हणणार?” ती उठली, कंबर धरून सरळ झाली. “पंपाचं मला अजून माहीत नाही. गाय घाबरते ते बघितलं. पाणी घालत नाहीस ते नाही बघितलं. ते काढ, आणि काढल्यावर मी मागे बसणार.”

“कुठे मागे?”

“गाडीवर. डेअरीपर्यंत.”

“काकू, सीटवर जागा नाही, किटल्या आहेत.”

“मी काय हत्ती आहे का? पाय एका बाजूला सोडीन.”

*

मिस्त्रीने जुना सायलेन्सर भंगारात दिला नव्हता. परत बसवताना तो बडबडत राहिला, की लोक आधी हौस करतात आणि मग रडत येतात. सासूने त्याला यावेळी काही उलट उत्तर दिलं नाही, चहा दिला.

दुसऱ्या दिवसापासून फौजदारीण खालच्या आळीत चालत यायची आणि तिथूनच गाडीवर बसायची. एक हात सीटच्या पट्ट्याला, दुसरा हात उजव्या किटलीच्या झाकणावर. झाकणावरचा हात ती कुठेच काढायची नाही. गाडी खड्ड्यात आदळली तर म्हणायची, “जपून रे, दूध आहे,” आणि वर, “मीही आहे.” आळीतल्या पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. पंपापाशी आलं की ती ओरडायची, “जोरात काढ!” डेअरीत ती फॅटवाल्याच्या पुढ्यात उभी राहून नळी स्वतः उजेडात धरायची. फॅटवाल्याला ते आवडत नव्हतं, पण त्याने तसं सांगितलं नाही. तिला कोण सांगणार.

फॅट चढला. पुष्कळ नाही, पण चढला. उन्हाळा होता, चारा वाळला होता, त्या मानाने बरा चढला. टेम्पोवाला एकदा येऊन चहा न पिताच गेला. महिना संपला, फेरी दूधवाल्याकडेच राहिली. पहिल्यांदा फॅट उतरला तो कशाने, कोणी पाणी घातलं होतं की नुसतं ऊनच होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वरच्या आळीत अजून एकमेकांच्या चरव्यांकडे वाकून बघतात, पण दूधवाल्याचं नाव कोणी घेत नाही. मग फौजदारीणीची कंबर धरली आणि तिने गाडीवर बसणं सोडलं.

त्या दिवशी सुनेने धार काढली, चरवी ओट्यावर ठेवली. दूधवाल्याने दूध मापून किटलीत ओतलं आणि झाकण हातात धरून तसाच उभा राहिला.

“झाकण लावा,” ती म्हणाली. “धूळ जाईल.”

“बघून घे.”

तिला आधी कळलं नाही. मग कळलं.

“अहो, मी काय...”

“बघ ना,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “काकू आता येणार नाहीत. तिकडे भिंतीमागे बसण्यापेक्षा इथे बरं. काटे लागत नाहीत.”

सासू गोठ्यात होती. तिने झाडू थांबवला आणि पुन्हा सुरू केला.

तो वाट बघत होता. तिने बघितलं नसतं तर तो निघाला नसता, हे तिला त्याच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. ती जवळ गेली, वाकली. किटलीत दूध होतं, वर फेस होता. तिने ते बघितलं आणि ती मागे सरली.

“बघितलं,” ती म्हणाली.

त्याने झाकण लावलं, वरून हाताने थापटून बसवलं. किक मारली. गाडी हळूच बोलली, पहिल्यासारखी. गोठ्यात गाईने मानसुद्धा वळवली नाही. गाडी कोपऱ्यावर वळली आणि तिथून पुढे काही ऐकू येईना. चांभाराचं दार, मावशींचं दार, पूल, सगळं असेल तिथे असेल. इथे काही येत नव्हतं.

आपण अजून कान देऊन उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा ती शेणाची पाटी उचलून आत गेली.